बाईंची काडीमोड

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गणिताच्या बाईंचा नवरा मोजे घालायला म्हणून सोफ्यावर बसला आणि त्याच्या खालून आवाज आला, 'कडाड्!'

एकच आवाज असता तर गोष्ट वेगळी. पण त्या मोठ्या कडाडच्या मागोमाग बारीक बारीक कटकट झाली, पाच-सहा सेकंद चालली आणि थांबली. नवरा मोजा हातात धरून तसाच बसून राहिला. उठलं की काय मोडलं ते दिसणार, बसून राहिलं तर निदान दिसणार तरी नाही, असा त्याचा विचार होता.

"काय मोडलं?" आतून बाईंचा आवाज.

"काही नाही गं. सोफा जुना झालाय."

"सोफा असा वाजत नाही," खिडकीपाशी पेपर वाचत बसलेल्या सासूबाई पेपर खाली न करता म्हणाल्या. "ऊठ आधी."

नवरा उठला. सोफ्याच्या लाकडी कडेवर अर्धी आत, अर्धी बाहेर अशी एक कापडी पिशवी होती. आतल्या एकेचाळीस काड्यांचे आता ब्याऐंशी तुकडे झाले होते.

बाई हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी पिशवीत डोकावलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं.

"काडीमोड झाली की गं आपली," तो म्हणाला.

सासूबाईंनी तेव्हा मात्र पेपर खाली केला. कारण पोराला एवढं शिकवूनही कुठे गप्प बसावं ते शिकवायचं राहून गेलं, हे त्यांना नव्याने जाणवलं.

आता या काड्या काही साध्यासुध्या नव्हत्या. म्हणजे होत्या आइस्क्रीमच्याच, पण प्रत्येकीवर बाईंच्या वर्गातल्या एकेका पोराचं नाव होतं, निळ्या शाईत, वळणदार. बाई दोन वर्षं त्या शाळेत हंगामी होत्या. कायम होणं न होणं तपासणीच्या मॅडमच्या शेऱ्यावर होतं, आणि मागच्या खेपेचा शेरा बाईंना झोपेतसुद्धा पाठ होता: 'तासात बारा उत्तरे आली. त्यातली अकरा एकाच विद्यार्थ्याची. बाकीचे चाळीस जण काय करत होते?' बारावं उत्तर कोणाचं ते मॅडमनी सभ्यपणे लिहिलं नव्हतं. ते बाईंनी स्वतःच दिलं होतं.

अकरा उत्तरं देणारा तो पोरगा म्हणजे रेडिओ. सगळी शाळा त्याला रेडिओच म्हणायची. बाईंचा प्रश्न अर्ध्यावर असतानाच त्याचा हात वर, ढुंगण बाकापासून वीतभर वर, आणि तोंडाने "बाई मी, बाई मी, बाई मी" अशी खरखर सुरू. बाकीच्या पोरांनाही ते सोयीचं होतं. रेडिओ वाजतोय तोवर आपण कशाला तोंड उघडा?

मग बाईंनी कंबर कसली. हात वर करणं बंद. प्रश्न विचारायचा, मनात सातपर्यंत मोजायचं, तेवढ्यात सगळ्यांनीच विचार करायचा, आणि मग डब्यातून काडी काढायची. जिचं नाव निघेल तिने किंवा ज्याचं निघेल त्याने बोलायचं. येत नसेल तर रडायचं नाही, घाबरायचं नाही, नुसतं म्हणायचं, "थोड्या वेळाने." बाई परत तिथे येणार म्हणजे येणारच.

प्रश्न होता काड्यांचा. एकेचाळीस काड्या म्हणजे एकेचाळीस आइस्क्रीम. बाईंचे दात गारठ्याने कळवळायचे, सासूबाईंचा घसा बसायचा.

"मग मीच खातो," नवरा म्हणाला होता. "तुझ्या नोकरीसाठी एवढंही करणार नाही का मी?"

महिनाभर त्याने हा त्याग केला. कधी एक काडी, कधी दोन, सुट्टीच्या दिवशी तीन. चौथ्या आठवड्यात पँटचं बटण तुटून सासूबाईंच्या बशीत पडलं. स्टेशनरीच्या दुकानात अशा कोऱ्या काड्यांच्या जुड्याच्या जुड्या मिळतात, हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ते त्याने बायकोला सांगितलं एकेचाळिसावी काडी चाटून झाल्यावर.

तर अशा रीतीने, ज्या काड्यांसाठी त्याने ते वजन वाढवलं, ते सगळं वजन एकदम त्या काड्यांवरच येऊन बसलं. आणि तेही कुठल्या दिवशी? तपासणीच्या. डबा चकचकीत दिसावा म्हणून बाईंनी तो आदल्या दिवशी घासून उपडा घातला होता, म्हणून काड्या पिशवीत, आणि पिशवी सोफ्यावर. स्टेशनरीचं दुकान उघडणार दहाला. तास आठ वाजून चाळीस मिनिटांनी.

"तू जा पुढे, मी काहीतरी करतो," नवरा म्हणाला.

"तुम्ही काही करू नका. कृपा करा. कुठे बसूही नका," बाई म्हणाल्या आणि रिकामा डबा घेऊन बसकडे पळाल्या.

बसमध्ये उभं राहायलाही धड जागा नव्हती. एका हाताने दांडा धरून, काखेत डबा दाबून बाईंनी चित्रकलेच्या सरांना फोन लावला. विचार सरळ होता. सरांकडे जाड कागद असतो. एकेचाळीस चिठ्ठ्या कापून मिळाल्या तर आजचा दिवस निभावेल. आता काड्यांचं हे प्रकरण शिक्षकांच्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. हसतील म्हणून बाईंनी सांगितलंच नव्हतं. आणि घाईत माणसाच्या तोंडात सकाळपासून घोळत असलेला शब्दच आधी येतो.

"सर, बरं झालं उचललात. घात झाला. काडीमोड झाली."

चित्रकलेच्या सरांचे हात रंगाने भरलेले होते म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता. पलीकडे शिपाईमामा पेले विसळत होते. त्यांनी नळ बंद केला.

"काय सांगता बाई! कधी?"

"आत्ताच, सात दहाला. ह्यांनीच केली. बसल्या बसल्या."

"बसल्या बसल्या? काही बोलणं वगैरे?"

"बोलणं कसलं हो! बसले आणि झालं. एका झटक्यात."

"पण कारण काय?"

"कारण काय असणार? वजन! महिनाभर नुसतं खातायत."

सरांनी नकळत स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"आणि सासूबाई?"

"त्या बिचाऱ्या माझ्याच बाजूने. त्यांनीच ह्यांना आधी उठवलं."

"घरातून?"

"काय? ऐकू येत नाही सर, गर्दी आहे. ते जाऊ दे, आता आम्हाला चिठ्ठ्यांवरच भागवावं लागणार. तुम्ही जरा..."

आणि फोन कापला गेला.

"बोलणंच बंद आहे मामा," चित्रकलेचे सर हळहळत म्हणाले. "चिठ्ठ्यांवर चाललंय."

"आरारा," मामा म्हणाले. "कुणाला सांगू नका हां सर." आणि ते स्वतः लगेच सांगायला निघाले. ऑफिसात सांगितलं, ग्रंथालयात सांगितलं. पाण्याच्या टाकीपाशी माळीबुवांना सांगितलं, तेही त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने, दोनदा. मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, मात्र मामांनी अगदी कानात सांगितलं. शेवटी गुपित होतं ना.

बाई शाळेत पोचल्या तर फाटकातच मामांनी त्यांच्या हातातला डबा घेतला. "राहू द्या बाई. तुम्ही आज काही उचलू नका."

बाईंना बरं वाटलं. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या खुर्चीवर कोणीतरी उशी ठेवली होती. कोणी चहा पुढे केला. एक जण उगाच म्हणाला, "पहिले काही महिने जड जातात." बाईंना वाटलं, तपासणीचं टेन्शन सगळ्यांनाच कळतं, किती चांगली माणसं आहेत. आपण उगाच दोन वर्षं यांना आतल्या गाठीचे समजत होतो.

"सर, कागद?" त्यांनी चित्रकलेच्या सरांना विचारलं.

सर दचकले. "कागदापर्यंत गेलात? बाई, एवढ्यात नको. रागाच्या भरात सही करू नका."

"सही कसली? नावं लिहायची आहेत फक्त."

"तेच हो. एकदा नाव लिहिलं की संपलं."

बाई आणखी काही विचारणार तोच मोठ्या सरांचं बोलावणं आलं. मोठे सर खिडकीतून बाहेर बघत उभे होते. कठीण विषय निघाला की ते नेहमी खिडकीतूनच बोलायचे.

"बाई, माझ्या कानावर आलं. फार वाईट झालं. तुम्ही आज रजा घ्या. तपासणी पुढे ढकलता येते का बघतो."

"सर, एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"एवढीशी?" मोठे सर खिडकी सोडून वळले.

"अहो, नवीन मिळायला कितीसा वेळ लागतो! बाजारात ढीग पडलाय. आज संध्याकाळी जाते आणि घेऊन येते."

मोठ्या सरांनी खुर्चीचा आधार घेतला. "आणि... जुनं?"

"जुनं काय करायचंय ठेवून? कचऱ्यात."

"बाई, इतके दिवस... इतका सहवास..."

"सवय झाली होती, खरंय," बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या. "पण पोरांसाठी पुढे जायलाच हवं ना सर?"

या वाक्यावर मोठ्या सरांचे डोळे पाणावले. बाई बाहेर पडल्याबरोबर त्यांनी दोन कामं केली. एक, बाईंच्या नवऱ्याला फोन करून "असाल तसे शाळेत या" म्हणून सांगितलं. दोन, तपासणीच्या मॅडम दारात येताच त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम कडक होत्या. त्यांच्या नुसत्या चष्म्याकडे बघून पोरं उभी राहायची. पण ऐकता ऐकता त्यांनी तो चष्मा काढला आणि पुसला. मग वही उघडून, तास बघायच्या आधीच, त्यांनी वरच्या बाजूला एक ओळ लिहून टाकली.

इकडे बाई वर्गाकडे चालल्या होत्या. हातात मामांकडून परत घेतलेला रिकामा डबा. वहीची पानं फाडायची आणि चिठ्ठ्या करायच्या तर दहा मिनिटं जाणार. नाही केल्या तर परत रेडिओ वाजणार, परत बारातली अकरा, आणि मग पुढच्या जूनपासून दुसरी शाळा शोधत फिरायचं.

त्या वर्गात शिरल्या. एकेचाळीस पोरं चिडीचूप. टेबलावर, हजेरीपटाच्या शेजारी, एक गठ्ठा उभा होता. खराट्याच्या काड्या! प्रत्येक काडीच्या टोकाला कागदाचं बोटभर निशाण चिकटवलेलं आणि निशाणावर नाव. कोणाचं सुबक, कोणाचं गिचमीड, एकाने नावाखाली विमानही काढलं होतं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"काड्या, बाई," रेडिओ म्हणाला. "जुन्या मोडल्या ना तुमच्या? आम्ही सकाळी सकाळी केल्या. ज्याने त्याने आपापली."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मुंगीने!"

सगळा वर्ग मागच्या बाकाकडे वळला. तिथे भिंतीला चिकटून एक एवढीशी मुलगी बसायची, तिला वर्ग मुंगी म्हणायचा. वर्षभरात तिचा आवाज कोणी धड ऐकला नव्हता. काड्या सुरू झाल्यापासून तिचं नाव नऊ वेळा निघालं होतं, आणि नऊही वेळा ती ओठ न हलवल्यासारखं करून म्हणाली होती, "थोड्या वेळाने." बाई प्रत्येक वेळी परत तिच्याकडे जात. ती परत तेच म्हणे. बाईंनीही नाद सोडला नव्हता आणि मुंगीनेही.

पण न बोलणाऱ्या माणसाचे कान रिकामे असतात. सकाळी पाण्याच्या टाकीपाशी मामा माळीबुवांना जे दोनदा ओरडून सांगत होते ते मुंगीने दोन्ही वेळा नीट ऐकलं. काडीमोड म्हणजे मोठ्या माणसांच्या भाषेत काय, ते तिला कुठून ठाऊक असणार? काडी तिला माहीत होती, मोडणं माहीत होतं, आज तपासणी आहे हेही माहीत होतं. तिने ते जाऊन रेडिओला सांगितलं. रेडिओला सांगितल्यावर आणखी कोणाला सांगायची गरज नव्हती. पाच मिनिटांत मामांचा कोरा करकरीत खराटा वर्गात आला.

बाई काही बोलणार इतक्यात मॅडम आत आल्या आणि मागच्या रिकाम्या बाकावर बसल्या. बाईंनी गठ्ठा उचलून डब्यात घातला. काड्या लांब होत्या, डब्याबाहेर हातभर डोकावत होत्या, निशाणं डुलत होती. पण बाईंचा जीव मात्र पार डब्याच्या तळाशी जाऊन निवांत पडला.

"एक तृतीयांश मोठा," त्यांनी फळ्यावर लिहिलं, "की एक चतुर्थांश? आणि कशावरून?"

रेडिओचा हात सवयीने सुटला. त्याने तो दुसऱ्या हाताने पकडला, खाली ओढला आणि त्याच्यावर बसला.

बाईंनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. मॅडमची मान वर झाली. तीन. बाहेर मामा कोणाला तरी विचारत होते, "माझा खराटा बघितला का रे कुणी?" चार. पाच. सातपर्यंत मोजणं ऐकायला सोपं वाटतं. आपण गप्प उभं असताना आणि मागे एक चष्मा आपल्याकडे बघत असताना मोजून बघा. सहा. सात.

पहिली काडी निघाली पैलवानाची. पैलवान वर्गात सगळ्यात थोराड, आणि मोडतोड नसलेल्या कुठल्याच विषयात त्याला रस नव्हता.

"चतुर्थांश मोठा," तो म्हणाला. "चार मोठे असतात ना तीनपेक्षा."

दुसऱ्या कोणी बाई असत्या तर "चूक, खाली बस" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. या म्हणाल्या, "पैलवानाने कारण दिलं, हे बरं केलं. पटतंय का कोणाला? शेजाऱ्याशी बोला जरा."

वर्गात चाळीस-एक माणसं एकदम कुजबुजायला लागली की मधमाश्यांचं पोळं होतं. मॅडम बाकावरून पुढे वाकून ऐकत होत्या. मग एक काडी, दुसरी काडी, तिसरी. कोणी पटतंय म्हणालं, कोणी नाही, एकाने नुसतंच "थोड्या वेळाने" म्हटलं. ठरवून केल्यासारखं सगळ्यांचं कारण मात्र "असं वाटतं" इथेच अडकत होतं. बाईंनी पुन्हा डब्यात हात घातला. निशाण वाचलं. मुंगी.

बाईंनी सातपर्यंत मोजलं. मुंगी उभी राहिली. बाईंनी पुढचे तीन शब्द... शब्द कसले, दोनच, मनात म्हणूनही टाकले. थोड्या वेळाने.

"बाई," मुंगी म्हणाली, "मोडू?"

"काय मोडू?"

"माझी काडी. आणि हिची. दोन्ही सारख्या लांबीच्या आहेत."

तो थोडा वेळ आज संपला होता. मुंगी पुढे आली, बाईंच्या हातातून तिने स्वतःची आणि डब्यातून शेजारणीची काडी घेतली, टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून नीट मोजल्या. मग एकीचे तीन सारखे तुकडे केले, कट्, कट्. दुसरीचे चार, कट्, कट्, कट्. वर्गात दुसरा आवाज नव्हता.

"ही तिघांत वाटली. ही चौघांत वाटली," दोन्हींमधला एकेक तुकडा उचलून ती म्हणाली. "जास्त जण आले की वाटा लहान होतो. पैलवान, खायची गोष्ट असती तर तुला कुठला तुकडा पाहिजे होता?"

"तिघांतला!" पैलवान बाकावरून ओरडला, आणि मग त्याच्याच लक्षात आलं. "आयला! बाई, तृतीयांश मोठा!"

सगळा वर्ग हसला. रेडिओ तर टाळ्या वाजवायला लागला. हात मोकळे करायला त्याला शेवटी एक रीतसर कारण मिळालं होतं.

"हे तुला सुचलं कसं गं?" बाईंनी विचारलं.

"सकाळी तुमची काडीमोड झाली ना बाई. मामा सांगत होते. मग मी विचार करत बसले, एका काडीचे किती तुकडे झाले असतील."

मागे मॅडमचं पेन थांबलं.

"दोनच," बाई म्हणाल्या. "मधोमध बसले ना हे पिशवीवर. एकेचाळीस काड्या, प्रत्येकीचे दोन अर्धे. मग सांगा बघू, अर्धा मोठा की तृतीयांश?"

"बाई, एक मिनिट," मॅडम उभ्या राहिल्या. तपासणीत मॅडम मध्येच बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. "मोडल्या त्या काड्या? नुसत्या काड्या?"

"हो मॅडम. आइस्क्रीमच्या. नावं लिहिलेल्या."

मॅडम खाली बसल्या. त्यांनी रुमाल तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते, आणि रडताना खांदे हलतात तसे ते नव्हते. मग त्यांनी वही उघडली आणि वरची एक ओळ खोडली.

तास सुटल्यावर बाईंनी निशाणं मोजली. मुंगीची आणि शेजारणीची धरूनही चाळीस भरली.

"रेडिओ, तुझी कुठाय रे?"

"नाही केली बाई."

"काड्या कमी पडल्या?"

"नाही, खराटा होता की भरपूर." तो बुटाने फरशी घासत राहिला. "मागच्या वेळी माझ्यामुळे तुम्हाला बोलणी बसली ना."

बाईंनी खराट्यातून एक काडी उपसली, कागदाचं निशाण लावलं, त्याच्यावर स्वतः त्याचं नाव लिहिलं आणि डब्यात खोचली. "तूसुद्धा एकेचाळिसातला एक आहेस," त्या म्हणाल्या. "जास्त नाही, पण कमीही नाही."

ऑफिसात वेगळाच तास चालू होता. बाईंचा नवरा चपलांचा एक डबा छातीशी धरून उभा होता. समोर मोठे सर, बाजूला चित्रकलेचे सर, दारात मामा. बाई आणि मॅडम दाराशी आल्या तेव्हा बोलणं रंगात आलं होतं.

"बसा ना," मोठे सर म्हणत होते.

"नको सर. आज कुठे बसायचं नाही ठरवलंय."

"पश्चात्ताप होतोय तर तुम्हाला."

"होणारच ना सर. बघून बसलो असतो तर ही वेळ आली नसती."

"पुन्हा जोडायची इच्छा आहे?"

"जोडलंयच सर! कामावर सुट्टी टाकली आणि सकाळपासून तेच करत होतो. आईनेही हात लावला."

"शाब्बास!" मोठ्या सरांनी त्याचा खांदा थोपटला. "इतक्या लवकर कसं काय जमवलंत?"

"आधी डिंक लावला. तो वाळेना. मग सरळ चिकटपट्टी मारली."

मोठ्या सरांचा हात खांद्यावरच राहिला. "चिकटपट्टी?"

"थोडं लुळं पडलंय, पण हिने जरा हलक्या हाताने वापरलं तर वर्षभर निघेल."

"वर्षभरच?"

"पुढच्या वर्षी हिला नवीन पोरं येणार ना सर. मग काय, सगळं नवीनच लागणार." आणि त्याने डबा उघडून टेबलावर ओतला. चिकटपट्ट्या बांधलेल्या एकेचाळीस काड्या, अपघातातून आल्यासारख्या. तीन-चार जोड्या चुकल्या होत्या. अर्धं नाव एकाचं, अर्धं दुसऱ्याचं.

मोठ्या सरांनी काड्यांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग फार सावकाश चित्रकलेच्या सरांकडे.

"सर," ते म्हणाले, "काडीमोड म्हणजे..."

मॅडमनी वही त्यांच्या हातात दिली. मोठ्या सरांनी मोठ्याने वाचलं: "'तासात एकोणीस उत्तरे आली. एकोणीस वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची. शिक्षिका थांबतात आणि परत येतात. कायम करण्यास हरकत नाही.'"

बाईंनी दाराची चौकट धरली. दोन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि ते जाताना काही मोडलं नाही.

"पण वर हे खोडलेलं काय आहे?" बाईंनी वाकून वाचलं. "'घरी नुकत्याच कोसळलेल्या संकटाचा सहानुभूतीने विचार व्हावा.' कोणाच्या घरी?"

मामांना अचानक खराट्याची आठवण झाली आणि ते निघून गेले. उरलेल्या सगळ्यांनी चित्रकलेच्या सरांकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं, आणि मनात मोजायला लागल्या. उशी. चहा. पहिले काही महिने. सही करू नका. सातपर्यंत येता येता त्यांच्या डोक्यात सगळा प्रकाश पडला.

"सर?" त्या म्हणाल्या.

"थोड्या वेळाने," चित्रकलेचे सर म्हणाले.

घरी त्या दिवशी सगळे पोट दुखेपर्यंत हसले. हसणं ओसरल्यावर सासूबाईंनी लुळ्या काड्यांतल्या दोन उचलल्या, चिकटपट्टी सोडवली, चार अर्धे तुकडे वेगळे केले, त्यांच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच नावं लिहिली आणि साखरेचा एक रिकामा डबा आणला.

"हे तुझं बरं आहे गं," त्या सुनेला म्हणाल्या. "घरातही करू या. मी, तू, हा, आणि चौथा तुकडा पाहुणा आला तर. रोज जेवणं झाली की एक काढायचा. ज्याचं नाव निघेल त्याने भांडी घासायची. न्याय म्हणजे न्याय."

नवऱ्याने लगेच मान डोलावली. सकाळपासूनच्या गुन्ह्यातून एवढ्या स्वस्तात सुटका होत असेल तर काय वाईट? पहिल्या दिवशी त्याचंच नाव निघालं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तो हसला, म्हणाला, योगायोग. सहाव्या दिवशी साबणाचे हात तसेच घेऊन तो बाहेर आला.

"आई, खरं सांग. त्या डब्यात तुझ्या नावाची काडी आहे ना?"

सासूबाईंनी पेपर खाली केला नाही. त्यांनी मनातल्या मनात, अजिबात घाई न करता, सातपर्यंत मोजलं.

"थोड्या वेळाने," त्या म्हणाल्या.